भाषाविज्ञानाचे अध्यापन : पदे थोडी, वाटा अनेक

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुळशी धरणाच्या परिसरात माले हे गाव लागते. मुळशी तालुक्याच्या या मावळपट्ट्यात भातशेती करणाऱ्यांची मराठी पुण्यातील पेठांमधल्या मराठीपेक्षा वेगळ्या वळणाची आहे, तर तालुक्यातील कातकरी वस्त्यांवरची बोली त्याहूनही निराळी आहे. याच तालुक्यात लवळे येथे सिम्बायोसिस आंतरराष्ट्रीय विद्यापीठ आणि फ्लेम विद्यापीठ यांची संकुले उभी आहेत. भारतातील आधुनिक भाषाविज्ञानाचे एक मूळ केंद्र मानले जाणारे डेक्कन कॉलेज पुण्यातच, येरवड्याला आहे. म्हणजे अभ्यासाला भाषा आहेत आणि शिकवायला संस्थाही आहेत. तरीही माले किंवा आसपासच्या गावातील एखाद्या पदवीधराने भाषाविज्ञानाचा प्राध्यापक होण्याचे मनावर घेतले आणि वर्तमानपत्रांतील भरतीच्या जाहिराती चाळल्या, तर या विषयाचे नाव त्याला क्वचितच आढळेल.

त्यामुळे या विषयात नोकऱ्याच नाहीत, असा समज सर्रास आढळतो. तो अर्धाच खरा आहे. 'भाषाविज्ञान' या नावाने निघणारी पदे खरोखरच मोजकी आहेत. मात्र भाषाविज्ञान शिकलेल्या अध्यापकाची गरज असलेली पदे मराठी, संस्कृत, इंग्रजी, संगणकशास्त्र आणि वाचा-श्रवण चिकित्सा अशा अनेक विभागांत विखुरलेली आहेत. ती कोठे असतात, कशी निर्माण होतात आणि त्यांसाठी कोणती पात्रता लागते, याची माहिती इच्छुकांना उपयुक्त ठरावी.

विषय कोणता?

भाषाविज्ञान म्हणजे अनेक भाषा बोलता येणे नव्हे आणि साहित्याचा रसास्वादही नव्हे. भाषेतील ध्वनी, शब्दांची घडण, वाक्यांची रचना आणि अर्थ यांचे नियम शोधणे हे या शास्त्राचे मूळ काम आहे. स्वनविज्ञान, रूपविचार, वाक्यविचार आणि अर्थविचार या त्याच्या गाभ्याच्या शाखा होत. ऐतिहासिक भाषाविज्ञान, बोलीविज्ञान, समाजभाषाविज्ञान, मनोभाषाविज्ञान, कोशविज्ञान आणि संगणकीय भाषाविज्ञान या शाखा त्याला जोडून येतात. जाहिरातीत नुसते 'भाषाविज्ञान' असे न लिहिता यांपैकी एखादी शाखा विशेषज्ञता म्हणून मागितलेली असते. त्यामुळे आपली शाखा कोणती, हे उमेदवाराने पदव्युत्तर अभ्यासाच्या काळातच ठरवणे हिताचे असते.

पुण्याची परंपरा

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा जुनी आहे. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये, तर मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी मुंबई विद्यापीठात १८७७ मध्ये विल्सन व्याख्यानमालेत भारतीय आर्यभाषांच्या इतिहासाची मांडणी केली. फ्रेंच अभ्यासक झ्यूल ब्लोक यांचा मराठीच्या जडणघडणीवरील ग्रंथ १९२० मध्ये आला. आधुनिक भारतीय भाषेचा ऐतिहासिक अभ्यास कसा करावा, याचा तो पुढे नमुनाच ठरला.

अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष मात्र १९३९ हे होय. पेशव्यांच्या दक्षिणा निधीतून १८२१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेतून पुढे डेक्कन कॉलेज घडले. ते १९३४ मध्ये बंद पडले आणि १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या नेतृत्वाखाली तेथे भाषाविज्ञानाचा विभाग उभा राहिला. रॉकफेलर फाउंडेशनच्या साह्याने १९५४ पासून भरलेल्या भाषाविज्ञानाच्या वर्गांमध्ये देशभरातील तरुण अध्यापकांनी शिक्षण घेतले आणि पुढे ठिकठिकाणच्या विद्यापीठांत हा विषय रुजवला. कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. घेऊन आलेले अशोक रा. केळकर तेथे उपयोजित भाषाविज्ञानाचे प्राध्यापक होते. ना. गो. कालेलकर यांच्या 'भाषा : इतिहास आणि भूगोल' या मराठी ग्रंथाला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. संस्थेला १९९० मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संस्कृतच्या ऐतिहासिक तत्त्वांवरील महाकोशाचे काम तेथे १९४८ पासून चालू आहे.

पदे कमी का?

इतकी परंपरा असूनही पदे कमी का, याचे उत्तर कार्यभाराच्या हिशेबात दडले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास, तर सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाने १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे, अशी अपेक्षा आहे. महाविद्यालयात एखाद्या विषयाचे पूर्णवेळ पद मंजूर होते ते त्या विषयाचा तेवढा कार्यभार असेल तरच. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत भाषाविज्ञान हा सहसा स्वतंत्र पदवी विषय नसतो. एम. ए. मराठी किंवा एम. ए. इंग्रजीच्या अभ्यासक्रमात तो एखाद्या अभ्यासपत्रिकेपुरता येतो. चार श्रेयांकांची अशी एक पत्रिका आठवड्याला साधारण चार तासांची असते. म्हणजे एका पदाच्या कार्यभाराचा तो जेमतेम चौथा हिस्सा झाला. हे चार तास मराठीच्या किंवा इंग्रजीच्या अध्यापकाकडे जातात आणि भाषाविज्ञानाचे वेगळे पद निर्माणच होत नाही.

दुसरे कारण असे, की पद मंजूर असले तरी ते भरायला शासनाची परवानगी लागते. अध्यापक निवृत्त झाला, की पद आपोआप भरले जात नाही. राज्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये अनुदानित महाविद्यालयांतील पदभरतीवरील निर्बंध शिथिल केले. पुढे करोनाकाळात भरती पुन्हा थांबली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सहायक प्राध्यापकांच्या २,०८८ पदांना परवानगी मिळाली. मराठी, वाणिज्य किंवा रसायनशास्त्र अशा मोठ्या विषयांत एखादे पद काही वर्षे रिकामे राहिले तरी विभाग चालत राहतो. भाषाविज्ञानाच्या विभागात अध्यापकांची संख्या मुळातच लहान असते. तेथे दोन पदे रिकामी राहिली, की एखादी संपूर्ण शाखा शिकवणे बंद पडू शकते.

तिसरा मुद्दा बिंदुनामावलीचा आहे. आरक्षणासाठी विभाग हा घटक धरायचा की संपूर्ण संस्था, हा वाद अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर देशभर गाजला. विभाग हा घटक धरल्यास दोन-तीन पदांच्या लहान विभागांत राखीव जागा फारशा येत नाहीत. केंद्र सरकारने २०१९ मध्ये कायदा करून केंद्रीय संस्थांसाठी संपूर्ण संस्था हा घटक निश्चित केला. भाषाविज्ञानासारख्या लहान विभागात एखादे पद कोणत्या प्रवर्गासाठी निघेल, हे त्यामुळे विभागापेक्षा संस्थेच्या एकूण नामावलीवर अवलंबून असते.

राज्यात संधी कोठे?

'भाषाविज्ञान' या नावाने पद निघू शकते अशा राज्यातील जागा चटकन मोजता येतात. पुण्याचे डेक्कन कॉलेज, कालिना संकुलातील मुंबई विद्यापीठाचा भाषाविज्ञान विभाग, नागपूर विद्यापीठाचा भाषाविज्ञान व परदेशी भाषांचा विभाग आणि वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ ही त्यांतील प्रमुख नावे. वर्ध्याचे विद्यापीठ केंद्रीय असून तेथे भाषाविज्ञान आणि भाषा-तंत्रज्ञान हे विषय हिंदीतून शिकवले जातात. मुंबईच्या आयआयटीत मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे विभागात भाषाविज्ञानाच्या अध्यापकांना वाव असतो.

या यादीत एका नव्या नावाची भर पडली आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे राज्याने २०२३ च्या कायद्याद्वारे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले आणि २०२४ मध्ये त्याच्या पहिल्या कुलगुरूंची नियुक्ती झाली. महानुभाव पंथाची आणि आद्य मराठी गद्याची ही भूमी आहे. नव्या विद्यापीठात भाषेच्या शास्त्रीय अभ्यासाला किती पदे मिळतात, याकडे या विषयाच्या विद्यार्थ्यांनी लक्ष ठेवायला हवे.

दुसऱ्या नावाच्या पाट्यांमागे

यापुढची वाट अधिक रुंद आहे. त्या वाटेवर विभागाच्या दारावर भाषाविज्ञानाची पाटी नसते, पण काम त्याच विषयाचे असते.

मराठी विभाग : पदव्युत्तर मराठीत भाषाविज्ञान, व्याकरण आणि बोलीअभ्यास या पत्रिका असतात. नेटच्या मराठी विषयाच्या अभ्यासक्रमातही भाषाविज्ञानाचा समावेश आहे. एम. ए. मराठी करून भाषाविज्ञानात पीएच.डी. केलेल्या उमेदवाराला येथे चांगली संधी मिळू शकते, कारण अशी तयारी असलेले उमेदवार थोडे असतात.

संस्कृत विभाग : पाणिनीय व्याकरण हा येथील विशेष अभ्यास. पुणे विद्यापीठातील संस्कृत प्रगत अध्ययन केंद्र १९६४ पासून, तर रामटेकचे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय १९९७ पासून कार्यरत आहे. पाणिनीय परंपरा आणि संगणक या दोन्हींची जाण असलेल्या अभ्यासकाला तंत्रशिक्षण संस्थांतही मागणी असते.

इंग्रजी विभाग : इंग्रजीचे ध्वनिशास्त्र, व्याकरण आणि भाषाध्यापन यांसाठी भाषाविज्ञानाची पार्श्वभूमी लागते. पदवी स्तरावर विद्यार्थिसंख्या मोठी असल्याने पदांची संख्याही येथे तुलनेने अधिक असते.

संगणकशास्त्र आणि भाषा-तंत्रज्ञान : यंत्रानुवाद, वाणी-ओळख, भाषिक साठे यांवर मुंबईच्या आयआयटीतील भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्र आणि हैदराबादच्या आयआयआयटीचे केंद्र अनेक वर्षे काम करत आहेत. केंद्राची 'भाषिणी' ही योजना २०२२ मध्ये सुरू झाली. यांतील बरीच कामे प्रकल्पाच्या मुदतीपुरती असतात. मात्र प्रकल्पातील अनुभव पुढे अध्यापनाच्या पदासाठी उपयोगी पडतो.

वाचा-श्रवण चिकित्सा : बोलण्याच्या व ऐकण्याच्या दोषांवर उपचार करणाऱ्या चिकित्सकांच्या पदवी अभ्यासक्रमात भाषाविज्ञान शिकवले जाते. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (स्थापना १९८३) आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था (स्थापना १९६५) या क्षेत्रातील मोठ्या संस्था आहेत. तोतरेपणा, उशिरा बोलू लागणारी मुले, पक्षाघातानंतर हरवलेली वाणी असे विषय हाताळणाऱ्या विद्यार्थ्यांना मुलाच्या भाषेची घडण समजावून सांगणे हे तेथील भाषावैज्ञानिकाचे काम. मराठी मुलांसाठी चाचण्या तयार करायच्या तर मराठीचे ध्वनी आणि रूपे जाणणारा माणूस हवाच.

मुळशी तालुक्यातील लवळ्यासारख्या ठिकाणी उभी राहिलेली खासगी व अभिमत विद्यापीठे हाही विचारात घेण्यासारखा पर्याय आहे. अशा संस्थांत मानव्यविद्या, संज्ञापन किंवा भाषा या व्यापक नावांखाली अध्यापक नेमले जातात. तेथे अर्ज करताना भाषाविज्ञानाबरोबर लेखनकौशल्य, भाषांतर किंवा माध्यमांची भाषा असे आणखी काय शिकवता येईल, हे स्पष्ट लिहावे.

राज्याबाहेर

एका राज्यावर विसंबून राहिले, तर या विषयात फार काळ वाट पाहावी लागते. कोलकाता, दिल्ली, लखनौ, अलिगढ, बनारस, अण्णामलै, केरळ आणि उस्मानिया येथील विद्यापीठांत भाषाविज्ञानाचे अध्यापन होते. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ आणि हैदराबादचेच इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ ही केंद्रीय विद्यापीठे या विषयात अग्रेसर आहेत. दिल्ली, कानपूर, मद्रास, गुवाहाटी आणि गांधीनगर येथील आयआयटींच्या मानव्यविद्या विभागांतही भाषावैज्ञानिक असतात. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था १९६९ पासून कार्यरत असून तेथे संशोधनाची आणि प्रकल्पांची पदे निघतात. गोव्यात कोकणीच्या अभ्यासासाठी गोवा विद्यापीठ आहे.

केंद्रीय विद्यापीठांच्या अध्यापक भरतीसाठी आयोगाने मे २०२३ मध्ये 'सीयू-चयन' हे एकत्रित संकेतस्थळ सुरू केले. 'रोजगार समाचार' हे साप्ताहिक आणि भारतीय विश्वविद्यालय संघाचे 'युनिव्हर्सिटी न्यूज' यांतील जाहिरातीही नियमित पाहाव्यात. राज्य विद्यापीठे आपापल्या संकेतस्थळांवर आणि दैनिकांत जाहिराती देतात.

पात्रता

सहायक प्राध्यापक पदासाठी संबंधित, सुसंगत किंवा पूरक विषयात किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आवश्यक आहे. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग (उन्नत गट वगळून) आणि दिव्यांग उमेदवारांना गुणांत पाच टक्क्यांची सवलत आहे. त्याबरोबर नेट किंवा सेट उत्तीर्ण असणे आवश्यक असते. आयोगाच्या विहित नियमांप्रमाणे पीएच.डी. झालेल्यांना या परीक्षांतून सूट मिळत होती. विद्यापीठ विभागांतील सहायक प्राध्यापकासाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याचा २०१८ चा निर्णय लांबणीवर पडत गेला. जून २०२३ मधील दुरुस्तीने नेट, सेट किंवा स्लेट ही थेट भरतीची किमान अट ठरली आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली. आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये नव्या नियमांचा मसुदाही जाहीर केला. म्हणून जाहिरातीत कोणत्या वर्षीच्या नियमांचा उल्लेख आहे, हे पाहूनच अर्ज करावा.

नेट परीक्षेत भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय असून त्याचा संकेतांक ३१ आहे. पहिली प्रश्नपत्रिका सर्व विषयांना सामायिक असते. तिच्यात ५० प्रश्न व १०० गुण असतात. विषयाच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत १०० प्रश्न व २०० गुण असतात. दोन्हींसाठी मिळून तीन तास मिळतात आणि चुकलेल्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत. परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण सहा टक्के उमेदवार सहायक प्राध्यापक पदासाठी पात्र ठरवले जातात. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास, १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. त्यानंतर वरिष्ठ शिष्यवृत्तीचे ४२,००० रुपये सुरू होतात. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही वापरले जाऊ लागले आहेत. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेते. तिच्या विषययादीत आपला विषय पाहूनच तयारीला लागावे.

सहयोगी प्राध्यापकासाठी पीएच.डी., आठ वर्षांचा अध्यापन वा संशोधनाचा अनुभव, मान्यताप्राप्त नियतकालिकांत किमान सात शोधनिबंध आणि ७५ संशोधन गुण अशी अट २०१८ च्या नियमांत आहे. प्राध्यापकासाठी दहा वर्षांचा अनुभव, दहा शोधनिबंध आणि १२० संशोधन गुण लागतात.

वेतन

सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन दरमहा ५७,७०० रुपये, सहयोगी प्राध्यापकाचे १,३१,४०० रुपये आणि प्राध्यापकाचे १,४४,२०० रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आदी मिळतात. राज्यात ही वेतनश्रेणी मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने लागू झाली.

कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरील नेमणुकांचे चित्र मात्र याहून फार वेगळे आहे. आयोगाच्या नियमांनुसार कंत्राटी अध्यापकांची संख्या एकूण पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये आणि त्यांना नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनाहून कमी वेतन देऊ नये. अतिथी अध्यापकांसाठी आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये एका व्याख्यानास १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये हे दर सुचवले. राज्यातील तासिका तत्त्वाचे दर शासन स्वतंत्रपणे ठरवते. त्यात मानधन तासांवर मिळते आणि सुट्यांच्या महिन्यांत ते थांबते. चार तासांच्या भाषाविज्ञानाच्या पत्रिकेसाठी नेमलेल्या अध्यापकाला एका महाविद्यालयाच्या तासांवर घर चालवणे अशक्य असते. म्हणूनच पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे आणि त्यानंतरची प्रतीक्षा यांचा आर्थिक विचार घरच्यांशी बोलून, आधीच करणे शहाणपणाचे ठरते. तासिका तत्त्वावरील अनुभव पुढे गणला जावा यासाठी नेमणूकपत्र, विद्यापीठाची मान्यता आणि वेतनाचा पुरावा जपून ठेवावा.

निवड कशी होते?

अर्जांच्या छाननीसाठी २०१८ च्या नियमांत दोन वेगळे गुणतक्ते आहेत आणि त्यांतील फरक उमेदवारांच्या सहसा लक्षात येत नाही. विद्यापीठातील पदासाठी पीएच.डी.ला ३० गुण आहेत, तर महाविद्यालयातील पदासाठी २५. नेटला विद्यापीठासाठी पाच, तर महाविद्यालयासाठी आठ गुण आहेत. शिष्यवृत्तीसह नेट झाल्यास हेच गुण अनुक्रमे सात व दहा होतात. शोधनिबंधांना विद्यापीठासाठी कमाल दहा आणि महाविद्यालयासाठी कमाल सहा गुण मिळतात. अनुभवाला दोन्हींकडे दर वर्षास दोन याप्रमाणे कमाल दहा गुण आहेत. थोडक्यात, विद्यापीठाची वाट संशोधनाकडे झुकते आणि महाविद्यालयाच्या वाटेवर परीक्षेतील पात्रतेचे वजन वाढते.

हे गुण आयोगाच्या नियमांत मुलाखतीला बोलावण्यापुरते आहेत. राज्य विद्यापीठांच्या निवडीत शैक्षणिक गुण आणि मुलाखत यांचे प्रमाण ठरवणारे शासन निर्णय वेगळे असतात. जाहिरातीबरोबर तेही वाचायला हवेत. निवड समितीत कुलगुरू किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती, कुलपतींचा प्रतिनिधी, तीन बाह्य विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता आणि विभागप्रमुख असतात. देशात या विषयाच्या तज्ज्ञांचे वर्तुळ लहान आहे. परिषदांत वाचलेला निबंध आणि क्षेत्रकार्याची नीट केलेली नोंद त्यामुळे समितीतील कोणाच्या तरी वाचनात आलेली असण्याची शक्यता मोठी असते. उसन्या सामग्रीवर उभा केलेला प्रबंधही तितक्याच लवकर ओळखला जातो.

अर्ज करताना

लहान विषयातील उमेदवाराला सर्वाधिक अडचण येते ती 'संबंधित विषय' या शब्दांची. पदव्युत्तर पदवी उपयोजित भाषाविज्ञानाची, पीएच.डी. संगणकीय भाषाविज्ञानाची आणि जाहिरात मराठीची, असे झाले की अर्ज छाननीतच बाद होण्याची भीती असते. अशा वेळी पदवीच्या अभ्यासक्रमाची प्रत, समकक्षता प्रमाणपत्र आणि प्रबंधाचा विषय मराठीशी कसा निगडित आहे याचे एका पानाचे टिपण सोबत जोडावे. जात वैधता प्रमाणपत्र, उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र आणि नोकरीत असल्यास ना हरकत प्रमाणपत्र यांची जमवाजमव जाहिरात येण्यापूर्वीच करावी. ऑनलाइन अर्ज भरल्यावर छापील प्रतही पोहोचवण्याची अट अनेक जाहिरातींत असते. ती विसरल्यास अर्ज बाद ठरू शकतो.

परदेशातील अध्यापनाचा विचार असणाऱ्यांनी वेगळे वेळापत्रक लक्षात ठेवावे. अमेरिकी विद्यापीठांच्या जाहिराती प्रामुख्याने ऑगस्ट ते नोव्हेंबरदरम्यान निघतात आणि नेमणूक पुढील वर्षीच्या ऑगस्टपासून होते. संशोधनाचे व अध्यापनाचे निवेदन, तीन शिफारसपत्रे आणि निवडलेल्यांचे जाहीर व्याख्यान ही तेथील रीत आहे. मिशिगन विद्यापीठात संस्कृत व भाषाविज्ञान शिकवलेले माधव देशपांडे आणि इलिनॉय विद्यापीठात अध्यापन करून मराठीचे सविस्तर इंग्रजी व्याकरण लिहिणाऱ्या राजेश्वरी पंढरीपांडे ही या वाटेवरची ठळक मराठी नावे.

प्रश्न नोकरीपुरता नाही

पदांच्या या हिशेबात केवळ उमेदवारांचे भवितव्य गुंतलेले नाही. महाराष्ट्रात भारतीय-आर्य, द्राविडी आणि मुंडा या तीन कुळांतील भाषा बोलल्या जातात. गोंडी, माडिया व कोलामी द्राविडी, तर मेळघाटातील कोरकू मुंडा कुळातील. बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरची निहाली तर कोणत्याच कुळात बसत नाही. जगातील अशा एकाकी भाषांत तिची गणना होते आणि ती बोलणारे थोडे उरले आहेत. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातील तीन समाजांना शासनाने विशेष असुरक्षित आदिम गट मानले आहे. त्यांच्या मुलांच्या पहिलीच्या पुस्तकाचा प्रश्न हा भाषाविज्ञानाचाही प्रश्न आहे. घरची बोली आणि शाळेची मराठी यांत नेमके कोठे अंतर पडते, हे सांगता आले तरच शिक्षकाला मदत करता येते.

देशाच्या २०११ च्या जनगणनेत लोकांनी नोंदवलेली मातृभाषांची नावे १९,५६९ होती. छाननीनंतर ती १,३६९ मातृभाषांत आणि शेवटी १२१ भाषांत बसवण्यात आली. कोणते नाव कोणत्या भाषेत धरायचे, हा निर्णय भाषाविज्ञानाच्या आधाराने घ्यावा लागतो. त्याच जनगणनेत मराठी भाषकांची संख्या ८ कोटी ३० लाखांहून अधिक भरली. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरील खंड १९०५ मध्ये निघाला. त्यानंतर शतकाहून अधिक काळाने डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साह्याने मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले. गावोगावचे आवाज ध्वनिमुद्रित करून ते संकेतस्थळावर खुले केले. गणेश देवी यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये सुरू झालेल्या लोकसर्वेक्षणात महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला.

केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानंतर अभ्यासकेंद्रे, अध्यासने आणि निधी यांची चर्चा सुरू झाली. मात्र अध्यासनावर बसायला जाणता अध्यापक लागतो, आणि तो घडायला पदव्युत्तर शिक्षणापासून किमान सात-आठ वर्षे जातात. विभागांत नियमित पदे भरली गेली नाहीत, तर विद्यार्थी हा विषय निवडणार नाहीत आणि निधी आला तरी काम करायला माणसे मिळणार नाहीत. कार्यभाराचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. शेजारच्या चार महाविद्यालयांनी आपले चार-चार तास एकत्र केले, तर एका पूर्ण पदाचा कार्यभार भरतो. विद्यापीठाच्या पातळीवर सामायिक अध्यापक नेमण्याचा विचार त्या दृष्टीने व्हायला हरकत नाही.

मालेसारख्या गावातून पुण्यात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याकडे या विषयातील एक भांडवल आधीच असते. पुस्तकातील मराठी, मावळची बोली आणि शेजारच्या वस्तीवरची कातकरी, या तिन्ही त्याच्या कानावर लहानपणापासून पडलेल्या असतात. क्षेत्रकार्याला दूर जाणाऱ्या संशोधकाला जे कान वर्षानुवर्षे तयार करावे लागतात, ते त्याला घरीच लाभलेले असतात. त्यांना शास्त्राची जोड देणारा वर्ग आणि त्या वर्गात शिकवणारा पूर्णवेळ अध्यापक उपलब्ध करून देणे हे विद्यापीठांचे काम आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

शिक्षण : भाषाविज्ञान किंवा सुसंगत विषयात किमान ५५ टक्क्यांसह एम. ए.; नेट (संकेतांक ३१) किंवा सेट; विद्यापीठातील पदासाठी पीएच.डी. असल्यास छाननीत मोठा लाभ.

राज्यातील प्रमुख केंद्रे : पुणे, मुंबई, नागपूर, वर्धा, नव्याने रिद्धपूर.

जोडविषय : मराठी, संस्कृत, इंग्रजी, भाषा-तंत्रज्ञान, वाचा-श्रवण चिकित्सा.

सुरुवातीचे मूळ वेतन : सहायक प्राध्यापक, दरमहा ५७,७०० रुपये.

जाहिराती : विद्यापीठांची संकेतस्थळे, 'सीयू-चयन', 'रोजगार समाचार', 'युनिव्हर्सिटी न्यूज'.